साखरेच्या शेजारचा डबा

महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. सरकारी कागद मराठीतून येऊ लागले होते आणि ते वाचून समजावून सांगणारा माणूस म्हणून पनवेलच्या पेठेत माझी गरज वाढली होती. मराठी सगळ्यांनाच येत होती, पण त्या कागदांतली मराठी निराळी होती. मी तेव्हा गावातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. खाडीकाठच्या आमच्या खेड्यातला मी पहिला पदवीधर. वडील मिठागरात कामाला जात, आई घर आणि भाताची शेती पाही. नावापुढे बी.एस्सी. लागले तेव्हा गावातल्या लोकांना वाटले, मला आता सगळेच कळते. मलाही काही दिवस तसे वाटत होते.

एका दुपारी शाळा सुटल्यावर किराणा दुकानाच्या शेठांनी हाक मारली.

“मास्तर, जरा वर या. हा कागद बघा.”

शेठांचे दुकान पेठेतल्या जुन्या दुकानांपैकी. फळीवर एका रांगेत पत्र्याचे डबे असत : रवा, साखर, मग एक निळ्या रंगाचा डबा आणि त्यापलीकडे शेंगदाणे. निळ्या डब्यात बोरिक पावडर असे. गिऱ्हाईक तिला बोरिक म्हणत नसे. तांदळाचे औषध म्हणत असे. नवे तांदूळ घरात आले की ही पावडर चोळून ठेवायची, म्हणजे पोरकिडे होत नाहीत. आमच्या भागात ही पद्धत घरोघर होती. हीच पावडर कोमट पाण्यात घालून लोक डोळे धूत, जखमेवर लावत, दुखऱ्या कानात घालत. त्यामुळे ते औषधच, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

शेठांनी दिलेला कागद म्हणजे नियमांचा मसुदा होता. अन्न टिकविण्याकरिता वापरली जाणारी ‘रासायनिक परिरक्षी द्रव्ये’ किरकोळ ग्राहकाला सुटी विकू नयेत. विकायची तर मोहोरबंद पाकिटात, वर नाव आणि वापर छापून. आणि खाण्याच्या जिनसांपासून वेगळ्या जागी ठेवावीत, असे त्यात म्हटले होते. खाली द्रव्यांची यादी होती, त्यात बोरिक होते. लोकांनी आपल्या हरकती व सूचना मुदतीच्या आत पाठवाव्यात, अशी शेवटी ओळ होती.

मी मोठ्याने वाचले. शेठ म्हणाले, “हे परिरक्षी काय आहे? यात परी कुठून आली?”

“परिरक्षी म्हणजे टिकवणारं. राखणारं.”

“मग तसं लिहायला काय झालं होतं!” ते हसले आणि लगेच गंभीर झाले. “हे बघ, माझ्या वडलांच्या वेळेपासून हा डबा इथं आहे. माझ्या घरच्या तांदळाला मी हीच पावडर लावतो. लोक तांदूळ काही तसाच खात नाहीत, तीन पाण्यांनी धुतात. उद्या मी सुटी पावडर दिली तर गुन्हेगार? पेठेतल्या सगळ्या दुकानदारांनी ठरवलंय, हरकत पाठवायची. लिहायची तू. खाली आमच्या सह्या आणि सर्वांत वर तुझी, बी.एस्सी. सकट.”

माझ्याशी बोलताना ते गिऱ्हाइकांसमोर ‘मास्तर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत, आणि मनातले बोलायचे असले की ‘तू’वर येत.

मी हो म्हणालो. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. मॅट्रिक झालो तेव्हा मुंबईला कॉलेजात जायचे तर राहायचे कुठे, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. शेठांनी दुकानातल्याच एका कोऱ्या कागदावर तिथल्या वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले होते. त्यातले एक वाक्य मला अजून पाठ आहे : ‘या मुलास कोणतीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.’ त्या पत्रावर मला जागा मिळाली. चार वर्षे मी त्या पत्राच्या आधाराने मुंबईत राहिलो. आज त्यांनी माझ्याकडे एक पत्र मागितले होते, इतकेच.

तरी मी मास्तर होतो. पुरावा नसलेले विधान वहीत दिसले की त्यावर मी लाल रेघ मारीत असे. ‘तांदूळ धुतल्यावर पावडर राहत नाही’ हे वाक्य सरकारला लिहायचे तर आधी ते पडताळून पाहायला हवे, असे मला वाटले. शिवाय ते खरे ठरेल अशी माझी खात्री होती.

बोरिक ओळखण्याची कृती सोपी आहे आणि तिला लागणारी मुख्य वस्तू आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. हळद स्पिरिटमध्ये कालवून त्यात कागदाच्या पट्ट्या बुडवायच्या आणि वाळवायच्या. ज्या पदार्थाची शंका असेल त्याच्या पाण्यात थोडे आम्ल घालून त्यात पट्टी भिजवायची आणि पुन्हा वाळवायची. बोरिक असले तर पिवळी पट्टी तांबडी होते. तांबड्या पट्टीवर अमोनियाचा थेंब टाकला की ती हिरवट काळी पडते. कॉलेजात हा प्रयोग मी पहिल्यांदा केला तेव्हा मला फार आनंद झाला होता. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत आईच्या डब्यातली हळद भेटली होती.

पनवेलात मी एका खोलीत भाड्याने राहत होतो. त्या आठवड्यात मी आधी तिथल्या घरमालकीणबाईंकडे चौकशी केली.

“तांदळाला किती लावता हो?”

“चिमूटभर.”

“पायलीला चिमूट की मणाला?”

“अहो मास्तर, ते काय मोजतात? आणि चिमूट तरी कोणाची? माझी चिमूट आणि सासूबाईंची चिमूट यांत भांडणं झालीत या घरात.”

त्यांनी एका वाटीत पावडर लावलेले तांदूळ दिले. शनिवारी शाळा सकाळची होती. मुले गेल्यावर मी शाळेच्या प्रयोगाच्या टेबलावर मांडामांड केली. तांदूळ तीनदा धुतले आणि तिन्ही पाणी वेगवेगळ्या पेल्यांत ठेवले. पहिल्या पाण्यातली पट्टी वाळल्यावर चांगलीच तांबडी झाली. दुसरीला जेमतेम रंग आला. तिसरी पिवळीच राहिली.

शाळेचे शिपाई दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, “मास्तर, हळदीकुंकू मांडलंय का? बायका कुठायत?”

मी खूष होतो. शेठांचे म्हणणे प्रयोगाने सिद्ध झाले होते. आता फक्त एक गोष्ट राहिली होती. प्रयोग करताना, ज्यात ते द्रव्य नक्की नाही असा एखादा पदार्थही सोबत तपासावा, अशी आमच्या प्राध्यापकांची शिकवण होती. म्हणजे आपली पट्टी भलत्यालाच तांबडी होत नाही ना, हे कळते. माझा जेवणाचा डबा टेबलाच्या कडेलाच होता. त्यात भाकरी आणि आईने पाठवलेली जवळ्याची चटणी होती. सुका जवळा भाजून, मिरची, लसूण आणि मीठ घालून ती पाट्यावर वाटायची. जवळा करंजा बंदरातून येई, मीठ आमच्याच मिठागरातले. त्याहून स्वच्छ पदार्थ मला सुचला नाही.

चमचाभर चटणी पाण्यात ढवळली, गाळली, आम्लाचे थेंब टाकले, पट्टी भिजवली. वाळत आली तशी ती तांबडी होऊ लागली.

मिरचीचा रंग असेल, असे मी मनाशी म्हणालो. दुसरी पट्टी घेतली. तीही तांबडी. मग अमोनियाची बाटली उघडली. मिरचीचा तांबडेपणा असता तर तो हिरवा व्हायचे कारण नव्हते. पट्टीवर थेंब पडला तिथे हिरवट काळा डाग उमटला, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा.

“काय झालं मास्तर?” शिपायांनी विचारले.

“काही नाही. डबा खायचा राहिला,” मी म्हणालो. पण तो मी खाल्ला नाही.

वसतिगृहातली चार वर्षे मला आठवली. आई एसटीच्या गाडीने येणाऱ्या गाववाल्याबरोबर दर महिन्याला बरणी पाठवी. पावसाळ्यात इतर मुलांच्या घरून आलेल्या खाऊला बुरशी येई, माझी चटणी शेवटच्या चमच्यापर्यंत जशीच्या तशी राही. मला त्याचा अभिमान होता. ‘आमच्या आईच्या हाताला बुरशी लागत नाही,’ असे मी सांगत असे. जेवल्यावर पोटात जळजळ होई, कधी मळमळे. त्याचा दोष मी चार वर्षे वसतिगृहाच्या आमटीला दिला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच गावी गेलो. वडील ओट्यावर जाळे विणत बसले होते. आई चुलीपुढे होती.

“उनाचा चालत आलास?” ती म्हणाली. “बस, पानी पी.”

“आई, तांदळाचं औषध कुठं आहे?”

“शिंक्यावर हाय. का रं?”

“ते तू चटणीत घालतेस?”

“घालते की. नायतं बुरशी येते.” तिने सहज सांगितले. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “का? चटनी खराब निंगाली?”

“खराब नाही. किती घालतेस?”

“घरच्या बरनीत एक चिमटी. तुज्यात दोन.”

“माझ्यात दोन का?”

“अरं, तू परगावी व्हतास. भायेरचं पानी, भायेरचं जेवान. औषध हाय ते. डोल्यांना चालतं, जखमंला चालतं, मंग पोटाला का नाय चालनार? म्हनलं, पोऱ्या शिकतंय, जरा गुन येल.”

बाहेरून वडील म्हणाले, “मना कवा दोन चिमटी नाय भेटल्या.”

आई हसली. मला हसता आले नाही. मी तिला सावकाश समजावले. तांदळाला लावतो ती पावडर धुण्यात निघून जाते, पण चटणी कुणी धूत नाही. ही पावडर अंगातून लवकर बाहेर पडत नाही. थोडी थोडी रोज पोटात गेली तर साठत जाते आणि अपाय करते. मी वर्गात शिकवतो तसे शिकवत होतो आणि ती वर्गातल्या एखाद्या शहाण्या मुलीसारखी ऐकत होती. माझे बोलणे संपल्यावर तिने विचारले,

“मंग मी तुना चार वरसं इख चारलं?”

आमच्या बोलीत इख म्हणजे विष. या प्रश्नाची तयारी मी करून गेलो नव्हतो.

“विष नाही ग. बघ, मी समोर धडधाकट बसलोय. पण ते औषधही नाही.”

“शेठच्या दुकानातना आनलंय,” ती म्हणाली. “साकरंच्या बाजूला डबा हाय त्याचा. खायाची वस्त नसती, तं साकरंच्या बाजूला ठेवली असती का त्यानी?”

ती उठली, शिंक्यावरची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. नंतर चटणीची बरणी मागे नेऊन राखेने घासू लागली. एकदा घासून धुतली, पुन्हा घासली. वडिलांनी जाळे बाजूला ठेवले आणि तिला पाणी ओतायला गेले.

परत येताना ती पुडी माझ्या खिशात होती. शेठांच्या हरकतीचा अर्धा मजकूर माझ्या खोलीत लिहून तयार होता आणि त्यात खोटे काहीच नव्हते. धुतलेल्या तांदळात बोरिक राहत नाही, हे खरेच होते. तेवढेच लिहून सही केली असती तर मला कुणी खोटारडा म्हणाले नसते. पण मसुद्यातली जी अट शेठांना सर्वांत जाचक वाटली होती, ‘खाण्याच्या जिनसांपासून वेगळ्या जागी’, तिचा अर्थ मला आईने सांगितला होता. आणि ज्या माणसाच्या एका पत्रावर मी इथवर आलो, त्याला दुखावल्याशिवाय तो अर्थ मला लिहिता येणार नव्हता. दोन दिवस मी पेठेतून न जाता तळ्याच्या बाजूने शाळेत गेलो.

तिसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. ‘हरकत’ हा शब्द सोडून दिला आणि ‘सूचना’ असा मथळा लिहिला. धुतलेल्या तांदळाचा प्रयोग जसाच्या तसा लिहिला. त्याखाली चटणीचा लिहिला. कोणाच्या घरातली चटणी ते मात्र सांगितले नाही, फक्त ‘एका घरातील’ असे म्हटले. शेवटी लिहिले की आमच्या भागात या पावडरीला औषध म्हणतात, म्हणून माणसे ती प्रेमाने जास्त घालतात. तरी पाकिटावर ‘परिरक्षी द्रव्य’ असे न छापता ‘हे पोटात घेण्याचे औषध नाही’ असे, बायकांना वाचून दाखवले तर कळेल अशा शब्दांत छापावे; आणि ती साखरेच्या शेजारी ठेवू नये.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसते, त्या वेळी मी गेलो. शेठांनी कागद माझ्याकडेच परत सरकवला. “तूच वाच.”

मी वाचले. चटणीपर्यंत आलो तेव्हा ते मान हलवत होते. साखरेच्या शेजारी हे शब्द आले तेव्हा त्यांची मान थांबली.

“ही हरकत नव्हे,” ते म्हणाले.

“नाही.”

“पेठेतले लोक यावर सह्या करणार नाहीत. मीही कशी करू? माझ्याच दुकानाविरुद्ध आहे हे.”

“तुमचं नाव कुठंही नाही, शेठ.”

“साखरेच्या शेजारी डबा माझ्याशिवाय कोणाचा आहे पनवेलात?”

तेवढ्यात एक बाई आल्या, साखर घेतली आणि म्हणाल्या, “शेठ, तांदळाचं औषध पण बांधा थोडं.”

शेठ डब्याकडे वळले. हात झाकणावर ठेवून तसेच उभे राहिले.

“तांदळालाच लावता ना?” त्यांनी विचारले. “आणखी कशात घालत नाही?”

“मुरंब्यात घालते की. का?”

शेठांनी झाकण उघडले नाही. “मुरंब्यात घालू नका. औषध पाहिजे तर डॉक्टरकडे जा, माझ्याकडे आहे ती किड्यांची पावडर. तांदळाला पाहिजे असेल तर देतो.”

“हे काय नवीन? वर्षानुवर्षं नेतेय!” त्या बाई रागावून नुसती साखर घेऊन गेल्या.

शेठ गादीवर येऊन बसले. मग म्हणाले, “कोणाच्या घरची चटणी?”

“आईची.”

“तुझ्या आईची?”

“हो. मुंबईला चार वर्षं तीच येत होती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फळीकडे. “तुला काय झालं होतं?”

“फार काही नाही. पोट जळायचं.”

“मला वाटलं होतं, तुझी चांगली सोय केली,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मला कधी इतका हळू ऐकू आला नव्हता. मी घाईघाईने म्हणालो की तुमच्यामुळेच शिकलो, तुमचे पत्र नसते तर मी आज मिठागरात असतो. हे मी यापूर्वी त्यांना कधी तोंडाने सांगितले नव्हते. त्यांनी हाताने थांबवले.

“सही मी करणार नाही. पेठेत राहायचंय मला. पण पाठव. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता या दुकानाचा घाल. उत्तर आलं तर इथं येऊ दे. मलाही कळायला पाहिजे ना, काय ठरतं ते.”

गल्ल्याजवळच्या खणातून त्यांनी एक पाकीट काढून दिले. मी तिथेच बसून पत्ता लिहिला. मी लिहीत असताना ते उठले, निळा डबा उचलला आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, फिनेल आणि कपड्यांचा साबण होता त्या फळीवर नेऊन ठेवला. साखर आणि शेंगदाण्यांच्या मध्ये डब्याएवढी मोकळी जागा राहिली. तिथल्या फळीचा रंग ताजा होता, कारण इतकी वर्षे तिच्यावर हात फिरला नव्हता.

काही दिवसांनी दुकानाच्या पत्त्यावर छापील पोचपावती आली, ‘आपले पत्र विचारार्थ ठेवले आहे’ अशी. शेठांनी ती तारेला अडकवून ठेवली. इतर दुकानदारांची हरकत दुसऱ्या कुणीतरी लिहून दिली. पुढे नियम कसे झाले, त्यात माझ्या पत्रातले काही आले की नाही, हे मला कधीच कळले नाही. आता तळोज्याला रसायनांच्या कारखान्यांच्या रांगा आहेत आणि पाकिटांवर बारीक अक्षरात पुष्कळ काही छापलेले असते. मी अजून चष्मा लावून ते सगळे वाचतो.

आईने चटणीत पावडर घालणे त्या रविवारीच बंद केले. पुढच्याच बरणीला आठव्या दिवशी कडेने पांढरी बुरशी धरली. हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मंग येका टायमाला जास्ती करून उपेग नाय.” तेव्हापासून ती एका आठवड्यापुरतीच चटणी वाटू लागली आणि बाजाराच्या दिवशी स्वतःच पनवेलला घेऊन येऊ लागली. माझ्या शिक्षणाच्या चार वर्षांत ती मला दोनदाही भेटायला आली नव्हती. बरणी तेवढी पाठवीत असे. आता दर आठवड्याला शाळेच्या फाटकाशी ती लहान वाटी घेऊन उभी असे. मधल्या सुट्टीत आम्ही पायरीवर बसायचो. पहिला घास मी घेईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे पाहत राही आणि मग विचारी,

“पोट जलतं का रं आता?”

“नाही ग.”

“मंग खा. आठ दिवसांत सपली पायजे.”